उन्हाळी परीक्षा आणि उन्हाळी सुटी : नांदेड-लातूर परिसरातील विद्यार्थिजीवन आणि त्याचे वाङ्मयीन रूप

नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परीक्षांना 'उन्हाळी परीक्षा' आणि 'हिवाळी परीक्षा' अशी नावे आहेत. वेळापत्रकांवर, परिपत्रकांवर ती सत्रामागून सत्र छापली जातात आणि वाचणाऱ्यांपैकी फारसे कोणी त्यांच्यापाशी थांबत नाही. वर्षातील दोन परीक्षा वेगळ्या ओळखता याव्यात, एवढाच प्रशासनाचा हेतू. परंतु 'उन्हाळी' हे विशेषण या परिसरात आणखी कोणकोणत्या नामांना लागते, हे भाषेच्या अभ्यासकाने पाहिले तर एक वेगळीच संगती त्याच्या ध्यानात येईल. उन्हाळी भुईमूग, उन्हाळी मूग, उन्हाळी नांगरट, उन्हाळी सुटी. यांपैकी पहिली तीन रानातली आहेत, चौथी शाळेतली. 'उन्हाळी परीक्षा' यांपैकी कोणत्या गटात बसवावयाची, हा प्रश्न वरकरणी गमतीचा वाटला, तरी प्रस्तुत विवेचनाचा तोच मुख्य प्रश्न आहे.

मराठी साहित्यात, विशेषतः बालसाहित्य, लघुनिबंध आणि विनोदी लेखन यांत, परीक्षा आणि सुटी यांचे नाते बहुधा बंदिवास आणि सुटका असेच चितारले गेले आहे. परीक्षा म्हणजे जागरण, घोकंपट्टी, धास्ती. आणि शेवटच्या पेपरची घंटा होताच उघडणारे दार म्हणजे उन्हाळा. या उन्हाळ्याला एक ठरलेले ठिकाणही आहे : मामाचा गाव. ग. दि. माडगूळकरांच्या आगगाडीच्या गीताने ते महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचविले आणि शालेय निबंधाने ते पक्के केले. गंमत अशी की, कंधार किंवा अहमदपूर तालुक्यातील विद्यार्थीही मार्गदर्शक पुस्तकातून हाच निबंध पाठ करतो. त्या निबंधातील मामाकडे आमराई असते, विहीर तुडुंब असते आणि भाच्याला पोहण्याखेरीज दुसरे काम नसते. मराठवाड्यात मे महिन्यात विहिरीला पाणी असणे हीच मुळात बातमी ठरते. पण निबंधाच्या वहीत तिची नोंद होत नाही. विद्यार्थ्याला स्वतःचा उन्हाळा ठाऊक असतो आणि परीक्षेत लिहावयाचा उन्हाळाही ठाऊक असतो. हे दोन उन्हाळे निराळे ठेवण्याची कला त्याला पाचवी-सहावीतच अवगत होते आणि पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत ती अंगवळणी पडते. अनुभव आणि लेखन यांच्यातील या फारकतीचा विचार अध्यापकांनी जितका करावयास हवा होता, तितका झालेला नाही.

विद्यार्थ्यांची बोली मात्र निबंधापेक्षा प्रामाणिक आहे. परीक्षेसंबंधी ती जे शब्द वापरते, ते तपासून पाहण्याजोगे आहेत. विषय 'राहतो' आणि विषय 'निघतो'. 'इंग्रजी राहिली', 'अर्थशास्त्र निघाले' अशा वाक्यांत कर्तेपण विद्यार्थ्याकडे नसते, विषयाकडे असते. जमीन गहाण राहते, देणे अंगावर राहते, तसा विषय राहतो. रानातून हळद निघते, एकरी अमुक पोती निघतात, तसा तो निघतो. बी पेरून, राबून, आभाळाकडे पाहून झाल्यावर जे हाती येते त्याविषयी बोलावे, तसे हे बोलणे आहे. अनुत्तीर्ण झालेल्याचे 'वर्ष वाया जाते'. पीक गेलेल्या कुणब्याचेही वर्षच वाया जाते. गावाकडून फोनवर आई विचारते, 'पेपर कवा सरायलेत रं?' त्यातले 'सरणे' हे क्रियापद तर फारच बोलके आहे. कणगीतली जवारी सरते, सण सरतो, दिवस सरतात आणि पेपर सरतात. पुरवून पुरवून वापरलेली एखादी गोष्ट संपावी, त्या अर्थाने ते येते.

'सुटी' या शब्दाचा विचार याच अंगाने करावा लागतो. तो 'सुटणे' या धातूवरून आला, हे सर्वांना ठाऊक आहे. 'पेपर सुटला' म्हणजे परीक्षेची वेळ संपून मुले बाहेर पडली. शाळा सुटते, दावे सुटते आणि औतही सुटते. बंदिवासातून सुटणे आणि औत सुटणे यांत अर्थाचा मोठा फरक आहे. बंदिवासातून सुटलेला परत जात नाही, निदान जाऊ इच्छीत नाही. औत सुटते ते मात्र बैलाला पाणी दाखवून, वैरण टाकून, उन्हे कलल्यावर पुन्हा जुंपण्यासाठी. नांदेड-लातूरकडील खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याची उन्हाळी सुटी या दुसऱ्या अर्थाने सुटी आहे. तिची वाट पाहिली जाते, उत्कटतेनेही पाहिली जाते. पण तिच्या पलीकडचे जू त्या वाट पाहण्यातच दिसत असते.

यामागचे कारण पंचांगात शोधावे लागते. विद्यापीठाचे वर्ष आणि गावाचे वर्ष ही दोन वेगळी वर्षे आहेत आणि त्यांचे सांधे परीक्षेच्या काळात एकमेकांवर येतात. गावाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते. सालगड्याचे साल पाडव्याला संपते, नवे साल पाडव्याला ठरते. उचल, मागील बाकी, धान्याचा वाटा यांची बोलणी त्याच आठवड्यात होतात. ज्याचा बाप सालगडी आहे त्या विद्यार्थ्याच्या घरी, तो मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या टिपणांवरून नजर फिरवीत असताना, पुढच्या बारा महिन्यांचा सौदा चालू असतो. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येऊन गेलेले असतात, तूरही बहुधा विकलेली असते. रब्बीची ज्वारी घरात येते, पण ती खाण्यापुरती. वसमत-अर्धापूरच्या बाजूला हळद काढणे, शिजवणे, वाळवणे याची धांदल मार्च-एप्रिलात असते आणि तीत घरातले सगळे हात लागतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे याच सुमारास परततात. पुढे लग्नसराई, आखिती आणि मग मृगाची वाट. सुटीत घरी गेलेला मुलगा या सगळ्यात पाहुणा म्हणून जात नाही. त्याच्या पेपरांची तारीख घरच्यांनी विचारलेली असते, ती हात मोकळे कधी होतात हे कळावे म्हणूनही.

येथे शहराकडेही पाहावयास हवे. नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या विभाजनातून निर्माण झाले. त्याचा परिसर शहराबाहेर विष्णुपुरी येथे, गोदावरीवरील प्रकल्पाच्या शेजारी आहे. लातुरात विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. पण विद्यार्थ्यांचे खरे वास्तव्य वसतिगृहाइतकेच भाड्याच्या खोल्यांत असते. तीन-चार मुलांत एक खोली, वर पत्रा, दुपारी बाराच्या पुढे आत बसवत नाही असे ऊन. त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाची वेळ ठरते ती उन्हावरून : पहाटे, नाहीतर रात्री गच्चीवर. मधल्या वेळी ग्रंथालयाच्या वाचनकक्षातील पंख्याखालची जागा धरण्यासाठी वही-पुस्तक ठेवून जाण्याची रीत सर्वत्र आहे आणि तीवरून होणारी भांडणेही.

या जीवनातील सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे डबा. लातूर-नांदेडच्या बसस्थानकावर सकाळी खेड्यांकडून येणाऱ्या एस.टी. गाड्यांमधून पिशवीत बांधलेले, झाकणावर नाव लिहिलेले डबे उतरतात. आईने पहाटे भाकरी थापलेली, भावाने फाट्यावर नेऊन चालक-वाहकाच्या हवाली केलेली. मुले गाडीची वाट पाहत उभी असतात. रिकामा डबा परतीच्या गाडीने जातो. खाणावळीचे पैसे वाचावेत ही त्यामागची सरळ गरज. पण डब्यातून निरोपही जातात, चिठ्ठी जाते, कधी परीक्षा शुल्काची नोट जाते. घर आणि विद्यापीठ यांच्यातील अंतर रोज एकदा मोजणारी ही व्यवस्था आहे. एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन २०२२च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा ज्या गावांना दुसरे वाहन नव्हते, तेथल्या डब्यांची वाटच बंद झाली. त्याच एप्रिलात, २२ ते २४ या तारखांना, उदगीर येथे ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन एका महाविद्यालयाच्या प्रांगणात भरले होते. डब्यावर मराठीत एखादी चांगली कविता असावयास हवी, असे संमेलनातील पुस्तकांच्या दालनांतून हिंडणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात आले असल्यास नवल नाही.

पाण्याचा उल्लेख टाळता येणार नाही. २०१६च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी आणि तंटे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे कलम लागू करावे लागले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी शहरात आली. परीक्षांचा तो काळ. त्या उन्हाळ्यात खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यासमोर प्रश्न होता तो उद्याच्या पेपरचा आणि उद्याच्या घागरीचा, आणि दोन्हींसाठी पहाटेच उठावे लागत होते. लातूरने दहावी-बारावीच्या परीक्षांत जे नाव मिळविले, ज्याला 'लातूर पॅटर्न' म्हटले गेले, त्यात सराव चाचण्यांची अखंड मालिका आणि सुटीतील वर्ग यांचा वाटा मोठा होता. अकरावी संपते न संपते तोच बारावीचे वर्ग सुरू. पदवीला येणारा विद्यार्थी अशा रीतीने एक उन्हाळी सुटी आधीच खर्चून आलेला असतो. या पद्धतीच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की सुटी ही गोष्ट तिने हिशेबात धरली नाही.

आता साहित्याकडे वळता येईल. मराठीतील महाविद्यालयीन जीवनाचे सर्वांत प्रभावी चित्रण भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीत आहे, याबद्दल दुमत नसावे. पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्यास येतो, वसतिगृहात राहतो, मेसच्या कारभारात गुरफटतो, परीक्षांना सामोरा जातो आणि अखेर शिक्षणाचे ठरलेले फळ हाती न लागता गावी परततो. कादंबरीची रचना महाविद्यालयीन वर्षांच्या क्रमाने पुढे सरकते. सत्र, परीक्षा, सुटी, पुन्हा सत्र हा तिचा सांगाडा आहे आणि त्या सांगाड्याची निरर्थकता दाखविणे हाच तिच्या निवेदनाचा एक हेतू आहे. सुटीतील गाव पांडुरंगाला सुख देतोच असे नाही. घर, वडील, बहिणीचा मृत्यू यांमुळे गावही पुण्याइतकाच त्याला अनावर होतो. मामाच्या गावाचा संकेत नेमाडे यांनी मोडून काढला तो असा. तरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पांडुरंगाच्या वडिलांकडे शेती आहे, पत आहे, आणि मुलाने उधळलेले पैसे भरण्याची शक्ती आहे. तो नापास होऊ शकतो. नापास होणे त्याला परवडते, असे म्हटले तर ते कठोर होईल, पण चुकीचे होणार नाही. त्याचे वैफल्य अस्तित्वाचे आहे, आणि असे वैफल्य असण्यासाठीही मागे कणगी भरलेली असावी लागते.

'कोसला'नंतर सोळा वर्षांनी आलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) या आत्मकथनात लातूर जिल्ह्याच्या उदगीर भागातील मुलगा भेटतो. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला, बहिणीच्या आश्रयाने वाढलेला, मिळेल ते काम करीत शिकलेला आणि पुढे तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोचलेला. दलित आत्मकथनांच्या पहिल्या फळीतील हे पुस्तक जातीच्या अनुभवासाठी वाचले गेले आणि ते योग्यच होते. विद्यार्थिजीवनाचा ग्रंथ म्हणून मात्र ते क्वचितच वाचले जाते. तसे वाचले असता 'कोसला'शी त्याचा पहिला भेद रचनेत दिसतो. येथे शैक्षणिक वर्ष हा सांगाडा नाही. आठवणी सुट्या आहेत, शीर्षकातील पक्ष्यांसारख्या येऊन बसणाऱ्या, आणि त्यांना जोडणारे सातत्याचे सूत्र कोणते असेल तर ते भूक. ज्याच्या आयुष्यात शिक्षणाचे वर्ष केव्हाही मोडू शकते, त्याच्या निवेदनाला वर्षांचा क्रम आधार देऊ शकत नाही. कोणते वर्ष कोणत्या इयत्तेचे, यापेक्षा कोठे जेवण मिळाले आणि कोठे मिळाले नाही, हीच तेथे कालगणना होते.

अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने परीक्षा आणि सुटी यांची किंमत उलटी होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. वसतिगृहात किंवा बोर्डिंगात असलेल्या निराधार मुलाला सत्र चालू असेतो दोन वेळच्या जेवणाची हमी असते. परीक्षा संपली की स्वयंपाकघर बंद होते. शेवटच्या पेपरची घंटा इतरांना मोकळे करते, त्याला उघड्यावर आणते. जाण्यासाठी जे घर आहे, तेथे आणखी एका तोंडाची सोय असेलच असे नाही. म्हणून सुटी म्हणजे मजुरीचा हंगाम. 'उन्हाळी परीक्षा' हे नाव रानातल्या गटात बसते की शाळेतल्या, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ज्याला परीक्षा आणि रान ही दोन्ही एकाच ऋतूत उरकावयाची आहेत, त्याच्यासाठी तो गटभेदच नाही.

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) लातूरजवळच्या धनेगावचे. साहित्य अकादमी पुरस्काराने गौरविलेल्या या आत्मकथनात घरातून शाळेत जाणारा पहिला मुलगा आहे आणि पुढे लातूरच्या सूतगिरणीतील कामगार आहे. येथे विद्यापीठ येत नाही. पण लातूरच्या ज्या रस्त्यांवर आज शिकवणी वर्गांच्या पाट्या आहेत, त्याच शहरात शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्यांची एक समांतर पिढी गिरणीत आणि आडतीवर राबत होती, याचे भान हे पुस्तक देते. 'सुटणे' या धातूचा तिसरा अर्थ तो : शाळा सुटली, ती सुटलीच.

या भागाच्या शैक्षणिक स्मृतीत परीक्षेला न बसण्याचाही एक मोठा प्रसंग आहे. १९३८च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठाच्या आणि संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी लढा दिला. त्यातल्या अनेकांना काढून टाकण्यात आले आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. उर्दू माध्यमातून शिकणाऱ्या, घरापासून आधीच दूर असलेल्या या मुलांनी आणखी दूरचे परीक्षा केंद्र पत्करले. परीक्षा ही केवळ बुद्धीची कसोटी नसते, तिला कोणाचे तरी छत्र असते आणि ते काढून घेतले जाऊ शकते, हे मराठवाड्याने तेव्हा पाहिले. मराठवाडा विद्यापीठाची १९५८ मधील स्थापना लोकांना एवढी मोलाची वाटली, त्यामागे अशा आठवणीही होत्या.

नांदेडात परीक्षेचा विषय निघाला की नरहर कुरुंदकर यांचे उदाहरण हटकून निघते. कुरुंदकर (१९३२-१९८२) इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाले. ते आधी प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, नंतर एम.ए. होऊन पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. सौंदर्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत त्यांच्या अभ्यासाचा पैस सर्वज्ञात आहे. नापास झालेल्या विद्यार्थ्याचे सांत्वन करताना प्राध्यापक ही हकिकत सांगतात. सांत्वन म्हणून ती ठीकच आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. हैदराबादेत शिकत असताना कुरुंदकर ज्यांच्या घरी राहत होते ते त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, 'मुक्त-मयूरांची भारते' या ग्रंथाचे कर्ते होते. मामाच्या गावाला जाणे या संकेताला कुरुंदकरांच्या चरित्रात निराळाच अर्थ आला. तेथे आमराईऐवजी ग्रंथ होते, चर्चा होत्या, प्राचीन मराठी काव्याचा जिवंत अभ्यास होता. परीक्षेबाहेरचे असे एक विद्यापीठ घरातच लाभलेल्या माणसाला परीक्षेतील अपयश पचविता आले. ज्याला असा मामा नाही, त्याला कुरुंदकरांचे नाव सांगून सोडून देणे हे अध्यापकाने स्वतःला दिलेले सांत्वन होय.

विद्यार्थिनींच्या बाबतीत उन्हाळ्याचा अर्थ आणखी बदलतो. 'परीक्षा झाली की बघू' हे वाक्य मुलाच्या घरी नोकरीविषयी असते, मुलीच्या घरी बहुधा स्थळाविषयी. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, आणि परीक्षाही तेव्हाच. पेपरांच्या तारखा पाहून मुहूर्त धरले जातात, कधी मुहूर्त धरून पेपरांवर पाणी सोडले जाते. हातावरची मेंदी ओली असताना परीक्षागृहात आलेली विद्यार्थिनी हे दृश्य कोणत्याही केंद्रावरील पर्यवेक्षकाला अपरिचित नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलीला उन्हाळा यावा असे वाटतही असते आणि पेपर लांबावेत असेही वाटत असते. खोलीतल्या मैत्रिणी, वाचनकक्षातली जागा, स्वतःच्या नावाचा डबा, हे सगळे त्या शेवटच्या घंटेबरोबर संपणार असते. मराठवाड्यातील स्त्रियांच्या लेखनात हा उंबरठा जितका यावयास हवा तितका आलेला नाही. पदव्युत्तर संशोधनासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थिनींनी आपल्याच वर्गमैत्रिणींच्या रोजनिश्या आणि पत्रे जपून ठेवली, तर पुढे त्यांचा उपयोग होईल.

परीक्षेच्या काळातच १४ एप्रिल येतो. आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत आणि वाचनालयांत होत आला आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत मुले-मुली एकत्र बसून वाचतात. जो अभ्यास एरवी गुणांसाठी, धास्तीने केला जातो, तोच येथे उत्सवाचा विधी होतो, आणि एखादा विद्यार्थी त्या दिवशी अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक उघडतो. बोर्डिंगात वाढलेल्या पिढीच्या नातवंडांनी वाचनाशी जोडलेले हे नाते परीक्षा आणि सुटी या दोहोंच्या पलीकडचे आहे.

करोनाच्या साथीत २०२० मध्ये हे सारे वेळापत्रक उलटेपालटे झाले. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, खोल्या रिकाम्या झाल्या, विद्यार्थी गावी गेले आणि परीक्षेवाचूनच सुटी सुरू झाली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट रोजी दिला आणि उन्हाळ्यात व्हावयाच्या त्या परीक्षा पावसाळा सरता सरता, सोयाबीन काढणीच्या सुमारास झाल्या. फोनला संपर्क मिळावा म्हणून माळावर किंवा गच्चीवर जाऊन पेपर देणाऱ्या मुलांच्या मागे रानात मळणीयंत्र चालू होते. परीक्षा आणि रान यांचे नाते तोवर सत्राच्या आड झाकलेले होते, ते तेव्हा उघड्यावर आले.

राहता राहिला अध्यापक. नेमाडे यांच्या 'बिढार' (१९७५) पासून 'झूल' (१९७९) पर्यंतच्या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जात राहतो, तेव्हा शैक्षणिक वर्षाची अखेर म्हणजे त्याच्यासाठी बाडबिस्तरा आवरण्याची वेळ असते. आज नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे, नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेले तरुण प्राध्यापक पुष्कळ आहेत. त्यांतले अनेक जण काही वर्षांपूर्वी याच बसस्थानकावर डब्याची वाट पाहत उभे होते. त्यांचे मानधन तासांवर असते, तास संपले की मानधन थांबते. एप्रिलमध्ये ते पर्यवेक्षण करतात, मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासतात, त्यांत मामाच्या आमराईचे निबंध आणि 'आठवणींचे पक्षी'वरील पाठ केलेली टिपणे एकाखाली एक येतात. नंतर त्यांतले काही गावी जातात आणि उन्हाळी नांगरट झालेल्या रानातली धसकटे वेचू लागतात. निकाल लागतात तेव्हा मृग निघालेला असतो, आणि नव्या वर्षाच्या तासिकांसाठी मुलाखतींची जाहिरात कधी येते, इकडे त्यांचे लक्ष असते.